हायवेच्या चौफुलीबद्दल लोक सारखं काय विचारतात आणि त्याची उत्तरं

चौफुलीच्या कोपऱ्यावर माझं कृषी केंद्र आहे. गिऱ्हाईक कापसावरचं औषध घेतं पाच मिनिटात आणि मग काउंटरला टेकून रस्त्यावर बोलतं अर्धा तास. इतकी वर्षं तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाचं बसून लिहून काढलं. चौफुलीचं नाव मुद्दाम टाकलं नाही, कारण धुळे, जळगाव, नंदुरबार कुठंही जा, अशी एक चौफुली तुमच्या पण गावाजवळ असणारच. मी इंजिनिअर नाही. पण नियमांची पुस्तकं वाचली, कामावरच्या साइट इंजिनिअरला चहा पाजून पाजून विचारलं, आणि बाकीचं दुकानात बसून डोळ्यांनी पाहिलं.

एवढी ट्रॅफिक जाम होते कशामुळं? गाड्या वाढल्या म्हणूनच ना?

वाढल्या हे खरंच, पण खरा घोळ वेगळा आहे. आपला खान्देश म्हणजे देशाचा चौक आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात, तिथूनच सोलापूरचा रस्ता खाली निघतो. आधी त्यांचे नंबर ३, ६ आणि २११ होते, आता धुळ्यापासून नाशिककडचा ६०, इंदूरकडचा आणि सोलापूरचा ५२, आणि सुरत-नागपूरचा ५३ झाला, पण आपण अजून "सहा नंबर"च म्हणतो. एशियन हायवेचे ४६ आणि ४७ पण धुळ्यातच क्रॉस होतात. म्हणजे सुरतचं कापड, मुंबईचे कंटेनर, रावेर-सावद्याची दिल्लीला निघालेली केळी, सगळं आपल्या दारावरून जातं. आणि त्याच डांबरावरून आपला शेतकरी कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंग कारखान्यात, पोरगं सायकलवर शाळेत आणि आजी एसटी पकडायला. ८० च्या स्पीडची गाडी आणि १५ च्या स्पीडची गाडी एकाच पट्ट्यात चालून ऱ्हायली, गर्दी आणि अपघात दोन्ही इथूनच सुरू होतात. आपलं भांडण ट्रकवाल्याशी नाहीये, त्याला आपल्या गावात थांबायचंच नाहीये. लांबची गाडी आणि गावची गाडी वेगळी करा एवढंच मागणं आहे, बाकी खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याच भोवती फिरतं.

गाड्या मोजायला पोरं बसली होती रस्त्यावर, ते काय होतं?

ट्रॅफिक काउंट. त्यात गाडी नुसती मोजत नाहीत, तिचं वजन धरतात, म्हणजे एक गाडी किती कारएवढी जागा अडवते ते. इंडियन रोड काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या हिशोबानं कार १, मोटारसायकल अर्धी, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली लावलेलं ट्रॅक्टर साडेचार, आणि बैलगाडी चक्क ८! म्हणजे जिनिंगला निघालेल्या दहा ट्रॉल्या रस्त्यावर पंचेचाळीस कारएवढ्या होतात. आता बघा, हा काउंट जर मे महिन्यात झाला, जेव्हा दुपारी ४५ डिग्रीत कुत्रं पण रस्त्यावर नसतं, तर चौफुली एकदम रिकामी दिसणार. तोच दिवाळीनंतर कापूस निघाल्यावर झाला तर चित्र वेगळं. म्हणून कोणी काउंटचा आकडा तोंडावर फेकला की पहिला प्रश्न विचारायचा, कोणत्या महिन्यात मोजलं?

ब्लॅक स्पॉट म्हणजे काय? आपली चौफुली त्यात आहे का?

राष्ट्रीय महामार्गावरचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, जिथं मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात झाले, नाहीतर एकूण १० माणसं गेली, तो ब्लॅक स्पॉट. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या आहे ही. यादीत नाव आलं की दुरुस्तीचा पैसा लवकर सुटतो.

पण मेख इथंच आहे. मोजले जातात ते फक्त पोलिसात नोंदलेले अपघात. आपल्याकडं काय होतं, पोराचा पाय मोडला, समोरचा पण ओळखीचाच निघाला, चार लोक मध्ये पडले, दवाखान्याचा खर्च देतो म्हणे, मिटवून टाकलं. त्या घराचं मिटलं पण चौफुलीच्या खात्यातला एक अपघात कमी झाला. असे पाचातले तीन मिटले की कागदावर आपली चौफुली एकदम सेफ. एकदा एका कार्यालयात आम्हाला तोंडावर सांगितलं, "तुमच्याकडं रेकॉर्डला तर काही नाहीच." मी त्याच आठवड्यात अपघातातल्या जखमीला न्यायला दुकानासमोरून एक शटर उचलून आणलं होतं, त्याचा स्ट्रेचर केला होता आम्ही. पण रेकॉर्ड नव्हतं, साहेब खोटं बोलत नव्हते. नोंद करा बाबांनो, नंतर काय मिटवायचं ते मिटवा.

उड्डाणपूल झाला की सगळं सुटेल ना?

अर्धं सुटेल. आणि चुकीचा झाला तर नवीन अर्धं तयार होईल.

आधी फायदा बघू. साध्या चौकात जिथं चार रस्ते भेटतात तिथं गाड्या एकमेकांच्या आड येतील अशा ३२ जागा असतात. त्यातल्या १६ आडव्या धडकेच्या, म्हणजे सगळ्यात जीवघेण्या. हायवेची सरळ जाणारी गाडी वरून काढून दिली की यातल्या सगळ्यात वाईट जागा एका झटक्यात जातात, हे मान्यच करावं लागतं.

आता खालचं. पुलाखाली गावची क्रॉसिंग तशीच राहते, शिवाय सर्व्हिस रोडच्या, म्हणजे हायवेला लागून असलेल्या गावच्या रस्त्याच्या, गाड्या येऊन मिळतात. तिथं नीट सर्कल, नीट लाइट, नीट मार्किंग नसलं तर जामचा जाम तिथंच, फक्त आता सावलीत. दुसरं, पूल म्हणजे नुसता मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, नसतो. खालून भरलेला ट्रक जायला साडेपाच मीटर मोकळी उंची लागते, वरची जाडी धरली तर रस्ता सात-आठ मीटर वर न्यावा लागतो, आणि तीन टक्के चढ धरला तर एका बाजूला अडीचशे मीटर रॅम्प होतो. दोन्ही बाजू मिळून अर्धा किलोमीटर. हा रॅम्प बहुतेक वेळा मातीचा भराव आणि दोन्हीकडं सिमेंटच्या प्लेटची भिंत असा असतो, कारण ते स्वस्त पडतं. मग गावाचे दोन तुकडे. अलीकडं शाळा, पलीकडं दवाखाना, मध्ये भिंत. म्हणून मागणी करताना नुसतं "उड्डाणपूल द्या" लिहू नका, "गावाच्या भागात पिलरवरचा पूल द्या, जास्त गाळे मोकळे ठेवा" असं लिहा. खर्च वाढतो, ते नाही म्हणतील, तरी लिहा.

तिसरं म्हणजे जिथं पूल खाली उतरतो ती जागा. वरून गाडी उतारानं सुसाट येते आणि बरोबर तिथंच कोणीतरी हॉटेलसाठी डिव्हायडर फोडलेला असतो. अपघात चौफुलीवरून उचलून चारशे मीटर पुढं नेऊन ठेवला, एवढंच होतं मग.

मोठ्या शहरात असतं तसं पानासारखं क्लोव्हरलीफ का नाही करत?

चेन्नईच्या कठीपाराला आहे, चार कोपऱ्यांना पाकळीसारखे गोल रस्ते, फोटो भारी दिसतो. पण चार पाकळ्यांना किती बागायत जाईल ते आधी बघा. शिवाय पाकळीवरून चढणारी आणि उतरणारी गाडी एकाच छोट्या पट्ट्यात एकमेकीला कापते, आणि उंच भरलेला केळीचा ट्रक त्या गोल वळणावर जरा जोरात घेतला की आडवाच. आपल्याला साधा पूल, चार बाजूंनी उतरते रस्ते आणि खाली सर्कल एवढं नीट झालं तरी खूप.

तोपर्यंत सिग्नल तरी बसवा ना?

बरेच दिवस मला पण हेच वाटायचं. मग हिशोब केला. चार बाजू, प्रत्येकीला वेगळा हिरवा, १२० सेकंदाची फेरी, मध्ये पिवळा आणि सगळ्यांना लाल धरून प्रत्येक वेळी पाच सेकंद वाया. उरले १००, म्हणजे एका बाजूला २५ सेकंद. भरलेल्या ट्रॉलीला जागेवरून हलायलाच त्यातले सात-आठ जातात. मागं हायवेवर रांग लागणार, आणि त्या रांगेच्या शेपटाला रात्री दोन वाजता ८० नं येणारा कंटेनर. सिग्नलनं आडव्या धडका कमी होतात पण मागून ठोकण्याच्या वाढतात. शहराच्या आत, जिथं स्पीड आधीच कमी आहे, तिथं सिग्नल चांगला. मोकळ्या हायवेवर अचानक एकच सिग्नल, तो पण अर्धा वेळ लाइट गेलेला, हे धोक्याचं. पिवळा ब्लिंकर मात्र लगेच पाहिजे, सोलरवरचा, चौफुलीच्या बराच आधी.

गोल सर्कल चालेल का?

चालेल, पण एका मर्यादेपर्यंत. सर्कलमध्ये सगळे एकाच दिशेनं फिरतात म्हणून आडवी धडक उरतच नाही, एका लेनच्या सर्कलला त्या ३२ जागांच्या फक्त ८ होतात. जे होतं ते घासाघाशीचं, डेंट पडतो पण माणूस वाचतो. आयआरसीच्या जुन्या मार्गदर्शनात सगळ्या बाजूंनी मिळून तासाला ३,००० गाड्यांपर्यंत सर्कल झेपतं असं आहे. त्याच्या वर गेलं की सगळेच आत घुसून बसतात आणि कोणीच हलत नाही.

नियम सोपा आहे, आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, बाहेरच्यानं थांबायचं. आपल्याकडं उलटं, ज्याचा हॉर्न मोठा तो पहिला. आणि अजून एक गोष्ट, राग येईल काहींना, पण सर्कलच्या मधोमध वाढदिवसाचे बॅनर लावणं बंद करा. भाऊ, दादा, आप्पा सगळ्यांना शुभेच्छा, पण बॅनरच्या पलीकडून येणारा ट्रक दिसत नाही. एकदा तर आठ फुटाच्या बॅनरवर स्वतः बर्थडे बॉयच हात जोडून उभा, आणि त्याच्या मागून डंपर निघाला!

स्पीड ब्रेकर टाकले की विषय संपला, एवढं साधं का कळत नाही यांना?

राष्ट्रीय महामार्गावरचे स्पीड ब्रेकर काढून टाका असं केंद्रानं २०१६ मध्ये सांगितलंय. कारण पण समजून घ्या. आयआरसीचा हिशोब असा की ८० च्या स्पीडला ड्रायव्हरला दिसून, कळून, ब्रेक लागून गाडी थांबायला १२० मीटर लागतात, १०० ला १८० मीटर. रात्री बिनपट्ट्याचा ब्रेकर दिसतो शेवटच्या तीस-चाळीस मीटरवर. मग पुढचा कचकन दाबतो, मागचा त्याच्यावर चढतो, आणि मोटारसायकलवर मागं बसलेली बाई उडते. आपल्या भागात किती बायका अशा पडल्यात विचारा कुठल्या पण हाडाच्या डॉक्टरला.

हायवेवर पाहिजे त्या रंबल स्ट्रिप, बारीक बारीक पट्ट्यांचे गट, एकामागं एक, चौफुलीच्या खूप आधीपासून. त्यानं गाडी थांबत नाही पण झोपेत असलेला ड्रायव्हर जागा होतो. ब्रेकर टाकायचाच तर गावातून हायवेला मिळणाऱ्या रस्त्यावर टाका, म्हणजे आपली पोरं न बघता हायवेवर घुसणार नाहीत. तो ब्रेकर गावानं स्वतःसाठी मागायचा असतो पण कोणी मागत नाही.

डिव्हायडरमधला कट बंद केला, आता समोरच्या शेतात जायला दोन किलोमीटर फिरून यायचं, हा कुठला न्याय?

या प्रश्नावर दुकानात भांडणं झालीत, म्हणून जरा सविस्तर.

कट म्हणजे काय, तर चार पदरी रस्त्याच्या मधून आपण आडवं जाणार. मधल्या डिव्हायडरवर कण्हेर लावलेली असते, ती समोरच्या हेडलाइटचा झोत अडवते म्हणून चांगली. पण कटाजवळ छाटली नाही तर तीच कण्हेर मोटारसायकलवाल्याला पूर्ण झाकते. मी स्वतः काउंटरवरून पाहिलंय, पावसाळ्यानंतर ती माणसाच्या डोक्याएवढी वाढते. मोटारसायकलचं पुढचं चाक आधी बाहेर येतं, मग हँडल, मग माणसाचं डोकं, आणि डोकं बाहेर येईपर्यंत चाक ट्रकच्या लेनमध्ये असतं. म्हणजे त्याला ट्रक दिसायच्या आधी तो ट्रकच्या रस्त्यात असतो. यात कोणाची चूक सांगा?

म्हणून विनापरवाना कट बंद करणं बरोबरच आहे. पण नुसता कट बंद करून निघून जाणं चूक. बंद केला तर सर्व्हिस रोड पाहिजे, जवळ खालून जायला बोगदा पाहिजे, किंवा थोड्या अंतरावर नीट यू-टर्न पाहिजे जिथं वळणाऱ्या गाडीला थांबायला वेगळी लेन असेल. हे काहीच न देता कट बुजवला की माणूस काय करतो? राँग साइड जातो. मी पण गेलोय, खोटं कशाला बोलू. पेट्रोल पंप समोरच दिसतो, तीनशे मीटर, कोण दोन किलोमीटर फिरणार? एकदा पहाटे धुकं होतं, समोरून दोन लाइट आले, मला वाटलं पलीकडच्या रस्त्यावर आहेत. माझ्याच लेनमध्ये होते. खड्ड्यात गाडी घातली म्हणून आज हे लिहून ऱ्हायलो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या बदलानंतर उलट्या दिशेनं गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, दंड आणि जेल दोन्ही होऊ शकतं. पण खरं सांगू का, मला दंडानं नाही सुधारवलं, त्या दोन लाइटनी सुधारवलं.

पायी माणसानं रस्ता ओलांडायचा कसा?

चार पदरीची एक बाजू शोल्डर, म्हणजे डांबराच्या कडेची पट्टी, धरून नऊ मीटरच्या आसपास असते. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे साडेसात सेकंद. तेवढ्यात ८० नं येणारा ट्रक १६७ मीटर कापतो. आजी काठी टेकत अकरा-बारा सेकंद घेणार, म्हणजे ट्रक अडीचशे मीटर लांब असतानाच तिनं पाऊल उचललं पाहिजे. अडीचशे मीटरवरचा ट्रक तिला दिसतो तरी का? म्हणून "बघून ओलांडा" हा सल्ला म्हाताऱ्या माणसाला आणि लहान पोराला देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी खालून रस्ता पाहिजे. फूट ओव्हरब्रिज पण बांधतात, पण पन्नास पायऱ्या गुडघेदुखीवाली बाई चढत नाही, ती खालूनच पळते, आणि वरचा पूल पोरांना रील काढायला होतो.

चैत्रात वेगळीच अडचण. खान्देशातून हजारो लोक सप्तशृंगी गडावर पायी निघतात, ऊन टाळायला रात्रीचे चालतात, हायवेच्या कडेनं. खांद्यावर कावड, हातात झेंडा, पाठीवर काही चमकणारं नाही. मंडळांनी दोन कामं करावीत, रेडियम पट्ट्यांची जॅकेटं वाटावीत आणि जथ्याच्या मागं लाइट लावलेली एक गाडी ठेवावी. आणि शक्य तिथं गाड्या समोरून दिसतील अशा बाजूनं चाला, पाठीमागून येणारा ट्रक कोणाला कधी दिसलाय.

एसटी आणि काळी-पिवळी चौफुलीवरच का थांबतात?

कारण पॅसेंजर तिथंच उभा असतो. आणि पॅसेंजर तिथंच का, तर गाड्या तिथंच थांबतात. हे चक्र तोडायचं तर थांबा चौफुलीच्या पुढं न्यायचा, म्हणजे गाडीनं चौक ओलांडल्यावर, रस्त्याच्या बाहेर खाच काढून. चौफुलीच्या आधी थांबलेली बस मागच्यांची वाट पण अडवते आणि बाजूनं येणाऱ्याची नजर पण. आणि शेड चांगलं बांधा, पंखा नाही तर नाही, पण मे महिन्यात सावली नसेल तर लोक परत पानटपरीच्या झाडाखालीच येणार आणि एसटी पण तिथंच.

बोगद्यात पावसाळ्यात पाणी भरतं, मग त्याचा उपयोग काय?

जमिनीच्या खाली खोदलेला असेल तर पाणी येणारच, पंप आणि नाला पाहिजे. उंची पण बघून घ्या. मोठ्या गाड्यांच्या अंडरपासला साडेपाच मीटर मोकळी उंची असते, छोट्याला बरीच कमी. कामाच्या आधी नकाशात बघा कोणता मंजूर आहे. नंतर चाऱ्याची ट्रॉली अडकल्यावर बोंबलून काही होत नाही.

रात्री ट्रॉलीला मागून ठोकतात, त्यात ट्रॉलीवाल्याची काय चूक?

लाइट नाही ही चूक. माझ्याकडं येणाऱ्या ट्रॉल्यांमधल्या कित्येकांना मागं दिवाच नाही, एकानं तर गाण्याच्या जुन्या सीडी दोरीला बांधल्यात, चमकतात म्हणे! चमकतात, पण कापूस भरला की झाकून जातात. लाल रेडियम टेपचं बंडल एका फवारणीच्या औषधापेक्षा स्वस्त आहे. ट्रॉलीच्या मागच्या पूर्ण रुंदीला लावा, दोन्ही टोकांना पण, म्हणजे येणाऱ्याला कळेल की ही मोटारसायकल नाही, आठ फूट रुंद काहीतरी आहे.

आणि दगड. ट्रक पंक्चर झाला की ड्रायव्हर मागं चार मोठे दगड आणि बाभळीची फांदी टाकतो, ते ठीक, त्रिकोण नाही तर हे तरी. पण टायर बदलून निघताना दगड तिथंच! आमच्याकडं एक म्हातारा आहे, सकाळी फिरायला निघतो तेव्हा रस्त्यावरचे असे दगड उचलून बाजूला ठेवतो, रोज. कोणी विचारलं "काय करी ऱ्हायना बाबा?" तर म्हणतो, "वावरमा बी वेचस, आठे बी वेचस." म्हणजे शेतात पण वेचतो, इथं पण वेचतो.

घाटात ब्रेक फेल होणाऱ्या गाड्यांचं काय?

४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर हायवेलगतच्या हॉटेलात घुसला, किमान दहा माणसं गेली. मध्य प्रदेशाकडून घाट उतरून रस्ता येतो तिकडचा हा भाग. उताराच्या पायथ्याशी थांबा, हॉटेल, टपरी असूच नये, हा धडा तिथं फार महाग पडला. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापून निकामी होतो, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवायची असते, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये नाही.

तक्रार कोणाकडं करायची? सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात.

राष्ट्रीय महामार्ग बहुतेक ठिकाणी एनएचएआयकडं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडं असतो, काही तुकडे राज्याच्या सार्वजनिक बांधकामच्या महामार्ग विभागाकडं. गावाचा मिळणारा रस्ता जिल्हा परिषदेचा किंवा बांधकाम खात्याचा, शहरात असेल तर नगरपालिका-महापालिकेचा. गाड्यांना शिस्त लावणं पोलिसांचं. चौफुलीवर हे सगळे एकत्र येतात म्हणून चौफुली कोणाचीच नसते.

खड्डा, बंद लाइट, तुटलेलं रेलिंग, मेलेलं जनावर, यासाठी १०३३ हा महामार्गाचा नंबर, चोवीस तास. किलोमीटरचा दगड बघून आकडा सांगा, "त्या ढाब्याजवळ" सांगू नका, त्यांना तुमचा ढाबा माहीत नाही. मोठ्या कामासाठी जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, तिथं कलेक्टर, पोलीस, आरटीओ, बांधकाम सगळे एकाच टेबलावर असतात, म्हणून बोट दाखवायची सोय राहत नाही.

निवेदन देऊन देऊन थकलो, काही होत नाही.

आमची पहिली तीन निवेदनं मी परत वाचली. "योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती", खाली ऐंशी सह्या, वर फोटोत बारा पुढारी. मागितलं काय होतं तेच कळत नाही! चौथ्यात आम्ही लिहिलं, अमुक किलोमीटरवर दोन्ही बाजूंना रंबल स्ट्रिप, कटाजवळची कण्हेर पन्नास मीटरपर्यंत गुडघ्याएवढी छाटावी, बंद पडलेला हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे दिवे, सुरू करावा, झेब्रा पट्टा परत रंगवावा. सोबत अपघातांच्या एफआयआर नंबरची यादी. कण्हेर पंधरा दिवसात छाटली गेली, पट्टा दीड महिन्यात रंगला, हायमास्टला माहितीचा अधिकार वापरावा लागला, दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत. उड्डाणपूल अजून कागदावर आहे. पण छोटी कामं मोठ्या कामाची वाट बघत ठेवायची गरज नसते.

रुंदीकरणात माझी जमीन जाणार का?

महामार्ग कायद्यात आधी कलम ३ए ची अधिसूचना निघते, त्यात गट नंबर असतात. त्यानंतर २१ दिवसांत लेखी हरकत घ्यायची. कलम ३डी ची अधिसूचना निघाल्यावर जमीन सरकारची झाली, मग भांडण फक्त मोबदल्याचं. विहीर, पाइपलाइन, झाडं, ठिबक सगळं सातबाऱ्यावर आणि पंचनाम्यात आलंय का ते त्या वेळीच बघा.

अपघातातल्या माणसाला उचललं तर आपणच पोलिसात अडकू ना?

नाही. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या बदलानं ते मोटार वाहन कायद्यात १३४ए कलमात आलंय. नाव सांगायची पण सक्ती नाही, साक्षीदार व्हायची पण नाही. १०८ ला फोन लावा, पोलिसांसाठी ११२. जखमीच्या उपचारासाठी २०२५ पासून कॅशलेस योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाची, ठरलेल्या दवाखान्यात. पहिल्या तासात गंभीर जखमीला पोहोचवणाऱ्याला २५,००० रुपयांचं बक्षीस पण आहे. आणि ठोकून पळून गेलेली गाडी सापडली नाही तर मृताच्या घरच्यांना २ लाख, गंभीर जखमीला ५०,००० मिळतात, त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्थात एफआयआर पाहिजे. परत तीच गोष्ट, नोंद.

देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली एक तृतीयांशपेक्षा जास्त राष्ट्रीय महामार्गावर. मोटारसायकलवाले सगळ्यात जास्त. हेल्मेट घाला एवढं एका ओळीत सांगतो, उन्हात डोकं तापतं हे मला पण माहीत आहे.

भाऊ, एवढं सांगता, तुमच्या दुकानाचा पत्रा पण रस्त्याच्या जागेत आहे ना?

हा प्रश्न मला एका शाळकरी पोरानं विचारला, बापासोबत बियाणं घ्यायला आला होता. हो, होता. सव्वाचार फूट, मोजला मी नंतर. त्याच्यापुढं खताच्या गोण्या, त्याच्यापुढं गिऱ्हाइकाच्या मोटारसायकली, म्हणजे शोल्डर पूर्ण गेलेला आणि पायी माणूस डांबरावर. पत्रा पोळ्याच्या आदल्या दिवशी काढला. गोण्या आत घेतल्या. मोटारसायकली अजून तिथंच लागतात, मागच्या गल्लीत लावा म्हटलं की लोक म्हणतात, दोन मिनिटाचं तर काम आहे.